काळं न पुसता रंगात उतरायचं कसं: पुनर्जन्माच्या चित्रांसाठी

कोळसा, काळी शाई किंवा काळा-पांढरा ॲक्रिलिक यांतच हात बसलेल्या चित्रकाराला रंगात यायचं म्हटलं की पहिली गडबड दुकानातच होते. चोवीस नळ्यांचा संच घरी येतो, काळ्याची नळी आलमारीत मागे जाते आणि पुढच्या दोन-चार चित्रांत ना जुना जोर उरतो, ना रंग बोलतो. एकरंगी कामात तुमची सगळी कमाई उजेड-अंधाराच्या पट्टीत असते. रंग त्या पट्टीवर चढवायचा असतो, पट्टी मोडून नाही.

विषय पुनर्जन्माचा असेल तर हे आणखी खरं. काळा म्हणजे मरण आणि रंग म्हणजे जीव, ही वाटणी विदर्भात टिकत नाही. काळी माती वैशाखात भेगाळून राखाडी पडते आणि मृगाचं पाणी पडलं की पुन्हा काळी होते. म्हणजे इथं मेलेलं ते राखाडी, जिवंत ते काळं. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कला विद्यालयात शिकले. पुढं त्यांच्या चित्रांत जो काळा बिंदू आला तो बीज म्हणून आला आणि रंग त्याच्या भोवती उगवले. फ्रान्सचा ओदिलाँ रदाँ (१८४०–१९१६) पन्नाशीपर्यंत मुख्यतः कोळसा आणि शिळाछापात काम करत होता. १८९० च्या दशकात तो रंगांकडे वळला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं त्याचं ‘सीता’ (साधारण १८९३) हे पेस्टल कोळशाच्या कामावरच चढवलेलं आहे. दोघांनीही काळ्याला हाकललं नाही, त्याला दुसरं काम दिलं. आपल्यालाही तेच करायचं आहे.

आधी पट्टी

कार्ट्रिज कागदाच्या लांब तुकड्यावर एकेक इंचाची नऊ घरं आखा. १ म्हणजे सगळ्यात गडद, ९ म्हणजे कोरा पांढरा. मधली घरं राखाडीनं भरा. ही पट्टी तुम्हाला डोळे झाकून जमेल. आता प्रत्येक नव्या रंगाचा एकेक ठिपका, नळीतून निघाला तसा, ज्या घराशी जुळतो त्याखाली लावा. डोळे बारीक करून बघा. ठिपका आणि राखाडी एकमेकांत विरले की जागा बरोबर. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढूनही ताळा घेता येतो, पण लालच्या बाबतीत मोबाइल कधी कधी फसवतो, म्हणून शेवटचा निकाल डोळ्यांचा.

साधारण असं दिसेल: लेमन यलो ८, यलो ऑकर (मातकट पिवळा) ६ ते ७, नारिंगी ६, शेंदरी ४ ते ५, क्रिमझन (गडद लाल) ३, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) ३ ते ४, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि थॅलो हिरवा २. इथंच अर्धं रंगशास्त्र संपतं. पिवळा हा उजळ घरातच पिवळा राहतो. त्याला ४ वर उतरवायला काळा घातला की तो शेवाळी हिरवा होतो. लाल ७ वर न्यायला पांढरा घातला की तो गुलाबी होतो. म्हणजे चित्रातल्या ८ च्या जागी लाल हवा असा हट्ट धरला तर एक तर लाल जाईल, नाही तर पट्टी जाईल. जुन्या चित्रात जिथं कागद कोरा सोडत होतात ती जागा पिवळ्याची, जिथं कोळसा दाबत होतात ती निळ्याची आणि तपकिरीची. शेंदऱ्याला मधली जागा द्या. नेमकी तीच जागा एकरंगी कामात सगळ्यात दुर्लक्षित असते.

ॲक्रिलिकच्या सहा नळ्या पुरतात: टायटॅनियम पांढरा, लेमन यलो, शेंदरी, क्रिमझन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना. पांढरा इतरांच्या तिप्पट घ्या. हिरवा मुद्दाम नाही. तो अल्ट्रामरीन आणि लेमन यलोतून काढा. नळीतला तयार हिरवा आपल्या शिवारात कुठंच दिसत नाही. काळ्याची नळीही सध्या बंद. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निम्मेनिम्मे मिसळले की जवळजवळ काळा मिळतो. सिएना वाढवला तर तो उबदार होतो, निळा वाढवला तर थंड. नळीतला काळा पांढऱ्यात मिसळला की सगळे राखाडी एकाच निळसर छटेचे होतात आणि शेजारचा रंग मरतो. या मिश्रणातल्या राखाडीत मात्र शेजाऱ्याच्या उलट दिशेला झुकण्याची सोय असते.

कापड आणि अस्तर

तयार कॅनव्हास परवडत नसेल तर जाड मांजरपाट चालतं. कोऱ्या कापडाला कांजी असते, ती गरम पाण्यात धुऊन काढा, नाहीतर अस्तर (रंगाखालचा पांढरा लेप) धरत नाही. चौकटीपेक्षा चारही बाजूंनी तीन इंच जास्त कापड ठेवा. ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे जा, समोरासमोर एकेक खिळा मारत. पहिला हात एक भाग फेविकॉल आणि चार भाग पाण्याचा, रात्रभर वाळू द्या. मग दोन भाग चांगलं पांढरं ॲक्रिलिक इमल्शन, एक भाग चाळलेली चॉक पावडर, अर्धा भाग पाणी. असे तीन हात द्या, एक आडवा, एक उभा, पुन्हा एक आडवा. प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा.

चॉक जास्त झाला तर पृष्ठभाग पाणी पितो आणि पातळ रंग डागाळतो. इमल्शन जास्त झालं तर रंग घसरतो. स्वस्त म्हणून डिस्टेंपर वापरू नका. त्याची पूड हाताला लागते तशीच ती रंगाखालीही सुटते.

अस्तर पांढरंच ठेवा. काळ्या अस्तरावर रंग लावायचा मोह एकरंगी कामातून आलेल्या माणसाला फार होतो, पण पारदर्शक रंगातून जो उजेड परत येतो तो खालच्या पांढऱ्यावरून येतो. खाली काळं असेल तर क्रिमझन आणि काळा यांत फरकच उरत नाही.

जुन्या चित्रावरच रंग चढवायचा असेल

कोळशाचं चित्र आधी उलटं धरून टिचकीनं झटका. मग फिक्सेटिव्हचे (कोळसा कागदाला धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन पातळ फवारे, फूटभर अंतरावरून, प्रत्येक फवारा वाळल्यावर पुढचा. हेअर स्प्रे नको, तो पुढं पिवळा पडतो. कोळसा मोकळा राहिला तर पहिल्याच ब्रशात पिवळ्याचा शेवाळ होणार. शाईचं चित्र असेल तर एका कोपऱ्यावर ओला कापूस घासा. काळं सुटलं तर शाई पाण्यात विरघळणारी आहे, तिच्यावर पाण्याचे रंग चढवता येणार नाहीत. तिच्यावर कोरडं पेस्टल वापरा.

नवं काम असेल तर आधी पूर्ण चित्र राखाडीत करा, पण नेहमीपेक्षा दोन घरं उजळ. वर पारदर्शक थर चढले की प्रत्येक जागा गडद होत जाते. जे चित्र राखाडीत पूर्ण आणि देखणं वाटतं, ते रंग चढल्यावर बुडतं. राखाडीतलं चित्र थोडं फिकट, धुतल्यासारखं दिसलं पाहिजे.

पारदर्शक थरासाठी एक भाग रंगाला आठ भाग ग्लेझिंग मीडियम (ॲक्रिलिक पातळ करायचं पारदर्शक द्रव). नुसतं पाणी घालून पातळ केलेल्या रंगात चिकटवणारा पदार्थ कमी पडतो आणि वाळल्यावर ओल्या बोटानं तो उठतो. मीडियमऐवजी फेविकॉल वापरण्याची पद्धत आहे, ती सोडलेली बरी: त्याचा थर ओलावा लागला की पांढुरका होतो. बऱ्याच नळ्यांवर छोटा चौकोन छापलेला असतो. तो रिकामा म्हणजे रंग पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. थरासाठी रिकाम्या चौकोनाचा रंग घ्या. भरलेल्या चौकोनाचा कितीही पातळ केला तरी वर धुकं बसतं.

प्रतीक शिवारातूनच घ्या

फिनिक्स, फुलपाखरू, कमळातून निघणारा हात हे सगळं छापील चित्रांतून येतं आणि बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार असतं, त्यामुळं तो थांबत नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून जे दिसतं ते घेतलं तर रंगही आपोआप बरोबर येतो. मुळात पुनर्जन्म म्हणजे हिरवं, हे समीकरणच इथं खोटं आहे. पिंपळाची नवी पालवी तांबूस गुलाबी असते, मोहाची तांब्यासारखी, कुसुमाची चक्क लाल. घटातलं धान सावलीत उगवतं म्हणून ते लेमन यलोच्या जवळचं असतं, त्यात हिरवा नावालाच. सापाची टाकलेली कात जवळजवळ बिनरंगी, दुधी-पारदर्शक असते. तिच्यावर नक्षी रंगवणारा चित्रकार कात न बघताच रंगवतो हे गावातल्या पोरांनाही कळतं. रंग नव्या सापावर आहे, कातीवर फक्त खवल्यांचा ठसा.

टसरचा कोसा भंडारा-गडचिरोलीकडं ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर होतो. देठाला लटकलेला टणक, फिकट राखाडी किंवा पिवळसर, अंड्यासारखा कोष, एका टोकाला पाखरू बाहेर पडल्याचं भोक. एकरंगी हाताला हा कोसा ओळखीचा वाटेल, तो राखाडीतच पूर्ण होतो. बाहेर पडलेल्या नराचे पंख विटकरी-तपकिरी, आणि पंखांवरचे डोळे खरोखर पारदर्शक. ते रंगवू नका. तेवढं अस्तर कोरं सोडा.

मृगाचा किडा घेतलात तर एक गोष्ट नीट बघा. तो मखमली आहे, चमकदार नाही. त्याच्या पाठीवर पांढरा ठिपका टाकला की तो प्लॅस्टिकचा मणी होतो. मखमलीला उजेड कडेला लागतो: मध्यभागी शेंदऱ्यात थोडं क्रिमझन, कडेनं शुद्ध शेंदरी, तेही कोरड्या ब्रशानं ओढलेलं. खालची ओली माती २ च्या घरात, सिएना-अल्ट्रामरीनची, वाळलेली ढेकळं ५ वर. बोटाच्या पेराएवढा लाल आणि भोवती दोन फूट काळं, एवढ्यात चित्र होतं. पहिल्या रंगीत चित्रासाठी हा विषय आम्ही सगळ्यांच्या वर ठेवू, कारण यात तुमचं नव्वद टक्के जुनं कौशल्य चालतं.

रंगांचे इतर अर्थही ध्यानात ठेवा. सपाट भगवा, सपाट हिरवा, सपाट निळा हे गावात आधी झेंडे म्हणून वाचले जातात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या असंख्य घरांत निळ्या रंगाला आणि पिंपळपानाला स्वतःचा अर्थ आहे. बुद्धविचारात एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा नाही. पिंपळपानातून उडणारी ज्योत काढून तिला ‘आत्म्याचा प्रवास’ म्हटलं तर तो अर्थाचा घोळ आहे, आणि तो बघणारा बरोबर पकडेल.

पळस: एक चित्र पूर्ण

चौकट २४ बाय ३० इंच. पळस निवडायचं कारण असं की त्याच्या एका फुलात काळा आणि रंग दोन्ही आहेत. फूल हातात घेऊन बघा. देठाशी असलेली वाटी जवळजवळ काळी, मखमली, ऑलिव्ह झाक असलेली. तिच्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकडी नारिंगी पाकळी निघते आणि पाकळीच्या बाहेरून बारीक रुपेरी लव असते. फाल्गुनात झाडावर पान नसतं. पुढं पानं काढायची झाली तर तीन-तीनच्या झुपक्यात काढा, ‘पळसाला पानं तीनच’ हे बघणाऱ्याला पाठ आहे.

आधी फांद्यांचं रेखाटन. पळसाच्या फांद्या वाकड्यातिकड्या, गाठाळ. सरळ काढल्या की तो गुलमोहर होतो. राखाडीत फांद्या ३, वाट्या २, फुलांची जागा ८, आकाश ७. हे सगळं एका दिवसात संपवा आणि रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी फुलांच्या सगळ्या जागेवर लेमन यलोचा थर, एकास आठ. वाळल्यावर दुसरा. मग शेंदऱ्याचा पातळ थर पाकळीच्या टोकाकडून देठाकडं, टोक पिवळसर ठेवून. त्यावरच्या हाताला शेंदऱ्यात चिमूटभर क्रिमझन, फक्त सावलीच्या बाजूला. पिवळ्यावरून आलेला हा नारिंगी आतून पेटतो. तोच नारिंगी पॅलेटवर मिसळून एका हातात लावला तर सपाट दिसतो. लव सगळ्यात शेवटी: पांढऱ्यात कणभर अल्ट्रामरीन, जवळजवळ कोरडा ब्रश, पाकळीच्या बाहेरच्या वळणावर एकच ओढ.

आता अडचण येते ती आकाशाची. फाल्गुनातलं दुपारचं आकाश पळसाच्या फुलापेक्षा उजळ असतं. फूल पेटलेलं वाटत नाही म्हणून सगळे फुलात पांढरा घालतात आणि पळसाचा पीच रंग होतो. हात फुलाला लावूच नका. आकाश एक घर खाली, ६ वर आणा, त्यात निळसर राखाडी मिसळा आणि फुलाला लागून असलेल्या वाट्या आणखी गडद करा. नारिंगी आपोआप उठतो. तीन-चार झुपकेच पूर्ण रंगात न्या, बाकीचे एका थरावर थांबवा, मागचे तर राखाडीतच ठेवा. संपूर्ण झाड सारखंच पेटवलं की कशाचाच जन्म होत नाही, नुसती सजावट होते. काळ्यातून रंगात येणं हा चित्राचा विषय असेल तर ते येणं चित्रात घडताना दिसलं पाहिजे. राखाडी झुपक्याकडून नारिंगीकडं नजर जाईल अशी वाट ठेवा.

शिवारातले रंग टिकतात का

पळसाच्या फुलांचं उकळलेलं पाणी आणि हळद, दोन्ही सुंदर आणि दोन्ही उन्हात उडणारे. चुन्यानं ते लालसर होतात, पण टिकाऊ होत नाहीत. रेखावहीत वापरा, विकायच्या चित्रात नाही. बाटलीतली द्रवरूप नीळ हा रंगद्रव्याचा कण नाही, विरघळलेला रंग आहे, तीही उडते. गेरू, पिवळी माती आणि दिव्याची काजळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. कागदावर वापरायचं तर बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून कापडातून गाळा, बुरशी येऊ नये म्हणून लवंग तेलाचे दोन-तीन थेंब. लाडवातला धावड्याचा डिंक घेऊ नका, तो पूर्ण विरघळत नाही आणि गाठी राहतात. गेरू मलमलीतून दोनदा वस्त्रगाळ करा. खडा राहिला तर ब्रश ओरखडे काढतो.

ऊन, पाऊस, उजेड

एप्रिल-मे मध्ये ॲक्रिलिक पॅलेटवर पाच-दहा मिनिटांत कातडं धरतं. पसरट डब्यात ओलं सुती कापड, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. कूलरचा दमटपणा कामाचा आहे, पण झोत चित्रावर येऊ देऊ नका, वरचा थर आधी वाळतो आणि ब्रश तो ओढून काढतो. रंग लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीन घालणारे असतात. थर चिकट राहतो आणि त्यावर वावरातली सगळी धूळ बसते. त्यापेक्षा पहाटे पाच ते नऊ काम करा.

अंगणात हिरवी जाळी बांधून तिच्याखाली रंगवत असाल तर थांबा. हिरव्या उजेडात सगळं हिरवट दिसतं, म्हणून हात नकळत लाल वाढवतो आणि चित्र बाहेर आणल्यावर तांबडं निघतं. निळ्या टिनाच्या शेडमध्ये निळसर उजेडाचा असाच घोळ. पांढरी चादर बांधा, किंवा उत्तरेच्या दाराशी बसा. रात्री पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग पांढरा वाटतो, म्हणून रात्री फक्त राखाडीचं काम.

श्रावणात थर वाळायला वीस मिनिटांऐवजी दोन-तीन तास लागतात. ओल्यावर दुसरा थर चढवला की खालचा सुटतो आणि चिखल होतो. कापडही ढिलं पडतं. मागून पाचरी थोड्या ठोकून ताण द्या, खिळे उपटू नका, कारण कोरडी हवा आली की ते पुन्हा ताणणार आहे. वॉर्निश पावसाळ्यात लावूच नका, पांढुरकी साय धरते. दसऱ्यानंतर, चित्र पूर्ण होऊन किमान दोन आठवडे झाल्यावर, सकाळी ऊन वर आल्यावर लावा. तैलरंग वापरायचे असतील तर ॲक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर ॲक्रिलिक चालत नाही, ते पापुद्र्यानं निघतं.

नागपूर-अमरावतीला प्रदर्शनासाठी न्यायचं असेल तर चित्रं तोंडाला तोंड लावून रचू नका. उन्हाळ्यात बंद गाडीत ॲक्रिलिक मऊ होतं आणि दोन चित्रं चिकटली तर सोडवताना रंग उचलतो. मध्ये बटर पेपर घाला, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. गुंडाळायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, किमान चार इंच व्यासाच्या नळीवर.